ढील

विहीर साठ फुटांच्या खाली गेली की यारीवर बसलेल्या माणसाला खालची माणसं दिसत नाहीत. ती फक्त ऐकू येतात. यारी म्हणजे विहिरीतला दगड-मुरूम वर काढणारी क्रेन. तिचा दांडा ज्याच्या हातात असतो तो काठापासून बराच मागे बसतो, आणि खालून त्याला दोनच शब्द लागतात. 'ओढ' आलं की दोर वर घ्यायचा, 'सोड' आलं की खाली द्यायचा. हणमंत धोत्रेचं सगळं तरुणपण या दोन शब्दांवर गेलं होतं.

बोअर मारायला बंदी आली, तसे त्या दुष्काळी पट्ट्यात विहिरींना पुन्हा दिवस आले. पाणी खोल गेलेलं, त्यामुळे विहिरीही खोल. हणमंतचा धाकटा भाऊ नागेश याने डिझेलची जुनी यारी विकून बॅटरीवर चालणारी नवी घेतली. तिचा डबा वर येऊन आपोआप उलटा व्हायचा, म्हणून काठावर उभा राहणारा तिसरा माणूस लागेनासा झाला. डबा ओतणं हे त्याचं काम होतंच, पण खालचा शब्द ऐकून तो यारीवाल्याला पुन्हा ओरडून सांगायचा, हेही त्याचं काम होतं. ते मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही. कंपनीच्या माणसाने दाखवलेल्या फायद्यांमध्ये ते नव्हतं.

नवी यारी जवळजवळ मुकी होती. हणमंतला तिचा पहिला त्रास झाला तो त्यामुळेच. डिझेल इंजिनाच्या धडधडीत त्याच्या कानातला आवाज बुडून जायचा. आता तो कामावरही ऐकू येऊ लागला. स्टीलच्या ताटाच्या कडेवरून कुणी खिळा ओढत आहे, आणि ताटाची कड संपतच नाही, असा तो आवाज होता. सुरुंगाचे बार, दगड फोडणारा ब्रेकर, कॉम्प्रेसर, या सगळ्यांनी मिळून तो तिथे ठेवला होता. घरी आल्यावर तो वाढायचा. गंमत अशी की माणसांचं बोलणं ज्याला नीट कळत नव्हतं त्याला चमचा पडलेला सोसत नव्हता. चमचा पडला की हणमंत बायकोचं, रेणुकाचं, मनगट धरायचा आणि पिळायचा. किती वेळ, ते त्या दिवशी आवाज किती आहे यावर असायचं.

तालुक्याला कानांच्या तपासणीचं शिबिर लागलं तेव्हा रेणुकाच त्याला घेऊन गेली. एका संशोधन संस्थेची मंडळी आली होती. त्यांच्यात मृण्मयी सोहनी नावाची मुलगी होती. नुकतीच पदवी घेतलेली, हुशार आणि बोलण्यात स्वच्छ. तिने कागदावर शंखासारखी गुंडाळी काढली.

"हा तुमच्या कानाचा आतला भाग. याच्या आत रांगेने पेशी असतात, त्यांना बारीक तुरे असतात. दाराजवळच्या पेशी बारीक, टोकदार आवाज टिपतात आणि आत शेवटाला असलेल्या जाड आवाज टिपतात. मोठा आवाज शिरला की दाराजवळच्या आधी मरतात. माणसाच्या कानात त्या परत उगवत नाहीत."

"मग मेलेल्या पेशी वाजतात कशा?" रेणुकाने विचारलं.

सोहनीला हा प्रश्न आवडला. "त्या वाजत नाहीत. मेंदू वाजतो. रेडिओवर स्टेशन लागेना की आपण काय करतो? आवाज वाढवतो. स्टेशन लागत नाही, नुसती खरखर मोठी होते. मेंदूने तेच केलंय. त्या पट्ट्यातून काही येत नाही म्हणून त्याने त्या पट्ट्याचा आवाज वाढवून ठेवलाय."

संस्थेने एक चकती बनवली होती. ती कानामागे चिकटवायची. तिच्यातून निघणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या सूक्ष्म लहरी मेंदूतल्या नेमक्या त्याच पट्ट्यातल्या पेशींना शांत करत. वाढवलेला आवाज मेंदू हळूहळू खाली आणत असे. चाचणी चालू होती, माणसं हवी होती. हणमंतच्या कानांची तपासणी चकती लावण्याआधी झाली आणि महिन्याने पुन्हा झाली. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले तर एकच रेघ दिसली.

"म्हणजे तोटा काहीच नाही," सोहनी म्हणाली. तिच्या यंत्राने मोजलं होतं त्यापुरतं ते अगदी खरं होतं.

रेणुका त्या चकतीला टिकली म्हणायची. टिकली लावल्यावर आठवडाभरात ताटावरचा खिळा थांबला. हणमंत झोपायला लागला. नुसता झोपला नाही, सकाळी उठून त्याने चुलीपाशी बसून चहा मागितला आणि चहा देताना रेणुकाच्या हातून झाकण पडलं, तर त्याने ते उचलून दिलं. रेणुका मनगट पदराखाली घेऊन उभी होती. मग तिने हळूच हात बाहेर काढला. पुढच्या महिन्यात तिने कित्येक वर्षांनी हिरव्या बांगड्या भरल्या. बांगड्या फुटत नाहीत हे कळायला तिला महिना लागला होता.

घरात कुणाला वेगळं काही जाणवलं नाही. घरात हणमंत माणसाच्या तोंडाकडे बघत असे, आणि ओठ दिसले की निम्मं बोलणं डोळ्यांनाच कळतं. विहिरीत ओठ दिसत नाहीत.

पाऊस लांबलेला असताना एका मळ्यात काम चालू होतं. नागेश खाली होता. भरलेला डबा वर जाताना कपारीत अडकला. तो खाली घेऊन पुन्हा सरळ वर न्यायला हवा होता. नागेश ओरडला. वर हणमंतने दांडा मागे खेचला. डबा कपारीतून हिसका खाऊन सुटला, तिरका झाला, आणि आतला दगड नागेशच्या खांद्याजवळून जाऊन तळावर फुटला.

नागेश त्याच डब्याच्या दोराला धरून वर आला. तोंड मातीने पांढरं झालेलं.

"दादा, म्या काय म्हणालो?"

"ओढ म्हणालास."

"सोड म्हणालो! तीन येळा बोंबललो, सोड, सोड, सोड!"

"तीन येळाच ऐकलं. ओढ, ओढ, ओढ."

"येडा समजलास व्हय मला? अडकलेला डबा कोण ओढ म्हणंल?"

"आरं, मला काय तुला मारायचं हाय? जे ऐकलं ते केलं."

नागेश काठावर बसला आणि त्या दिवशी पुन्हा खाली उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं सोहनीकडे गेले. तिने हणमंतला बंद खोलीत बसवलं आणि नागेशच्या आवाजातले शब्द उलटसुलट क्रमाने ऐकवले. हणमंत आतून ऐकू आलेला शब्द सांगत होता. 'ओढ'ला तो 'ओढ' म्हणत होता. 'सोड'लाही 'ओढ'च म्हणत होता. 'सोड'ला एकदाही चुकून बरोबर उत्तर आलं नाही.

सोहनी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

"किती सुंदर उदाहरण आहे हे! 'स' म्हणजे नुसती हवा असते. त्यात गळ्याचा सूर नसतो, आणि तो जवळजवळ सगळा त्या मेलेल्या वरच्या पट्ट्यात असतो. 'सोड'मधला स गेला की 'ओड' उरतं. ड आणि ढ मधला फरक साठ फुटांवरून कुणालाच कळत नाही. शहरातल्या एकाही पेशंटकडून आम्हाला हे मिळालं नसतं. त्यांना कुठे या दोन शब्दांवर जगावं लागतं!"

"बाई," रेणुका म्हणाली, "ह्यात सुंदर काय हाय?"

सोहनी ओशाळली. पण बोलता बोलता तिने मोबाईलवर दोन ओळी टिपून घेतल्याच होत्या.

"आधी कळत होतं की ह्याला," नागेश म्हणाला. "इतकी वर्सं सोड म्हणलं की सोडत होता."

"हो. तेच आमच्या तपासणीत दिसलं नाही," सोहनी म्हणाली. आता ती सावकाश बोलत होती. "त्यांच्या काही पेशी अर्ध्यामुर्ध्या जिवंत आहेत. त्यांच्याकडून फार क्षीण काहीतरी येतं. मेंदूने आवाज वाढवून ठेवला होता म्हणून त्यातला 'स' कसाबसा कळायचा. म्हणजे तो त्रास, तो खिळ्याचा आवाज... ते त्यांच्या मेंदूचं कान टवकारणं होतं. आपण ते बंद केलं."

"मग कानात यंत्र बसवा. मोठ्यानं ऐकायचं," नागेश म्हणाला.

"मरायला टेकलेल्या पेशीला मोठ्याने सांगून स्पष्ट ऐकू येत नाही."

"आन टिकली कामावर काढली, घरी लावली तर?" रेणुकाने विचारलं.

"मेंदूला तसं बटण नाही हो. काढली तर दोन-चार दिवसांनी आवाज परत येईल, त्याबरोबर थोडा 'स'ही येईल. पुन्हा लावली तर पुन्हा काही दिवस लागतील. एक तर शांतता, नाहीतर 'स'. दोन्ही नाही मिळणार."

घरी आल्यावर अंगणातच नागेश आणि रेणुकाचं भांडण झालं. हणमंत ओट्यावर बसून दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता.

"टिकली काढ म्हणावं, न्हाईतर दांडा माझ्याकडं दे," नागेश म्हणाला.

"दांडा तुमच्याकडं दिल्यावर खाली कोण? ह्यांस्नी खाली घातलं तर वरनं दगड सुटला म्हणून तुमी ओरडशिला, ते तरी ऐकू येईल का ह्यांस्नी?"

"मग टिकली काढा."

"टिकली निघणार न्हाई."

"वैनी, मी मेलो असतो काल!"

"व्हय. मेला असता." रेणुका म्हणाली. "आपल्या दोन घरांत एकच भिंत हाय, नागेश. इतक्या वर्सांत तुमाला ह्या बाजूचं कधी काय ऐकू आलं न्हाई?"

नागेशचे कान चांगले होते. तो खाली बघून चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिला.

"मीबी उतरते तुमच्यासंगं," रेणुका म्हणाली. "बापाच्या हाताखाली उतरतच होते की. आन शब्द बदलू. सोड म्हणायचंच न्हाई. ढील म्हणायचं."

"पतंग उडवायला चाललोय व्हय आपण?"

"उडवा. पण ढीलच म्हणा."

हणमंतला ओट्यावरून विचारलं गेलं, तेव्हा त्याने मान डोलावली. त्याला पुन्हा तो आवाज नको होता. भाऊ मेला असता याचं त्याला वाईट वाटत होतं, आणि टिकली राहणार याचा आनंदही होत होता. दोन्ही एकदम होत होतं आणि आनंद जरा जास्त होता.

शब्द चांगला निवडला गेला होता. सोहनीने फोनवर सांगितलं की 'ढील'मधला प्रत्येक आवाज गळ्यातून येतो, तो हणमंतच्या शाबूत पट्ट्यात पडेल. तसंच झालं. विहिरीच्या तळातून ढील म्हटलं की दोर खाली यायचा. नागेशने काठावर एक लाल दिवाही बसवला होता, खालून बटण दाबलं की लागणारा. पण दगड फोडणाऱ्यांचे दोन्ही हात गुंतलेले असतात, आणि पहिल्याच बारात उडालेल्या दगडाच्या ढपलीने दिवा फुटला. शब्द फुटत नाही, म्हणून शब्दावरच काम चालू राहिलं. सुरुवातीला नागेशच्या तोंडात अडखळायचं. "सो... ढील, ढील, ढील वो ढीलोबा!" असं तो म्हणायचा, आणि तळात रेणुका हसायची. ते हसणं वर हणमंतला ऐकू यायचं, आणि तोही एकटाच हसायचा. त्या घराचे ते सगळ्यात बरे दिवस होते.

मग एक मोठा दगड आला. डब्यात मावणारा नव्हता, त्याला साखळीचा वेढा घालून उचलायचा होता. रेणुका गुडघ्यांवर बसून साखळी दगडाखालून पलीकडे सारत होती. वेढा नीट बसतो का ते बघायला नागेशने "ओढ, जरासं," असं सांगितलं. दोर ताणला. साखळी सरकली आणि रेणुकाचा उजवा हात साखळी आणि दगड यांच्या मध्ये आला.

अजून हाड शाबूत होतं. दोर वीतभर खाली आला असता तर हात निघाला असता.

नवऱ्याने मनगट धरल्यावर जो शब्द तिच्या तोंडून इतकी वर्षं निघत आला होता, तोच निघाला. 'अहो' म्हणायचा मानही तोच दिला.

"सोडा! अहो, सोडा!"

हणमंतने ऐकलं, "ओढा! अहो, ओढा!" बायको असं कळवळून सांगते आहे म्हणजे खाली काहीतरी कोसळतंय, असं त्याला वाटलं. त्याने दांडा शेवटपर्यंत मागे खेचला. सगळ्या ताकदीने, उशीर न करता.

नागेशने ढील, ढील म्हणून घसा फोडला. ते हणमंतला स्वच्छ ऐकू आलं आणि त्याने दोर लगेच सोडला. त्याआधी जे व्हायचं ते झालं होतं. तिला वर आणायलाही त्यालाच ओढावं लागलं.

जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी हात मनगटाच्या वरून कापून काढला. त्याच संध्याकाळी हणमंतने कानामागची टिकली उपटून खिशात टाकली. नागेश त्याला भेटायला आला आणि दोघं भाऊ व्हरांड्यात एका बाकावर बसले.

"वैनीच सोडा म्हणाली," नागेश म्हणाला. "शब्द तिचाच होता, ढील. तिनंच घातला. आन तीच..."

"हात अडकल्यावर ढील कुणाच्या तोंडात येतं?" हणमंत म्हणाला.

चौथ्या दिवशी ताटावरचा खिळा परत आला. पूर्वीपेक्षा जोरात. हणमंतला ते बरं वाटलं. आपल्याला शिक्षा मिळते आहे, आणि ती सोसायची आपली तयारी आहे, असं त्याला वाटत होतं. तो रेणुकाच्या खाटेशेजारी स्टुलावर ताठ बसून राहिला, जबडा आवळून. तिसऱ्या खाटेवरच्या बाईच्या पोराने स्टीलचा डबा पाडला. झाकण फरशीवर गरगरत गेलं.

हणमंतच्या हाताने समोर आलं ते धरलं. रेणुकाचं डावं मनगट होतं. तो पिळायला लागला.

"सोडा," ती म्हणाली. ओरडली नाही.

त्याने सोडलं. मग त्याचं त्यालाच कळलं आणि त्याचा चेहरा उजळला. "ऐकू आलं मला! सोडा म्हणालीस. नीट ऐकू आलं, स सुदिक."

"आन त्या दिवशी?"

"त्या दिवशी ओढा ऐकू आलं. देवाशपथ, रेणुके. सोडा ऐकू आलं असतं तर सोडलं नसतं का?"

"आदी इतकी वर्सं चांगलं ऐकू येत होतं की. तवा कुठं सोडत होतासा?"

आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका दुसरीकडे बघायला लागल्या.

"टिकली कुठाय?"

"मी न्हाई लावणार. ही शिक्षा हाय माझी. जलमभर भोगीन."

"शिक्षा तुमाला आन मनगट माझं," रेणुका म्हणाली. "आता एकच ऱ्हायलंय ते. आणा इकडं."

त्याने खिशातून टिकली काढली. तिने ती डाव्या हातात घेतली. डाव्या हाताला कसलीच सवय नव्हती. टिकली दोनदा चादरीवर पडली. हणमंत मान वाकवून बसून राहिला, लहान पोरासारखा, आणि शेवटी तिने ती त्याच्या कानामागे बोटाने दाबून बसवली. बराच वेळ दाबून धरली.

यारीवर नागेशने पगारी माणूस ठेवला. तो माणूस सोड म्हटलं की सोडायचा.

सोहनी भेटायला आली ती दुपारी, रेणुकाला घरी सोडायच्या आदल्या दिवशी. फळं घेऊन आली होती. तिला खरंच वाईट वाटत होतं, आणि ते तिला नीट बोलता येत नव्हतं. हणमंत भिंतीशी टेकून फरशीवर झोपला होता, तोंड उघडं टाकून.

"बाई, एक इचारू?" रेणुका म्हणाली. "हात तर हितं न्हाई. मग दुखतोय कोण?"

सोहनी चमकून पुढे झाली. "कुठे दुखतं?"

"बोटं. मूठ आवळल्यागत. आतनं नखं रुततात तळव्यात. रात न् दिवस. डॉक्टर म्हणतात मनाचं हाय."

"मनाचं नाही, मेंदूचं आहे," सोहनी म्हणाली. "ह्यांच्या कानासारखंच. हाताकडून येणारी बातमी थांबली. मेंदू ती यायची वाट बघतोय, म्हणून त्याने त्या जागेचा आवाज वाढवलाय. नसलेला हात वाजतोय तुमचा."

रेणुकाने बँडेज बांधलेल्या टोकाकडे पाहिलं. नंतर झोपलेल्या नवऱ्याच्या कानामागे.

"मग ह्याची टिकली?"

"हाताची अजून निघालेली नाही. काम चालू आहे. चार-पाच वर्षं लागतील." सोहनी थोडी घुटमळली. मग तिला राहवलं नाही. "मूठ कशी आवळलेली वाटते, अंगठा आत की बाहेर? सांगाल का मला? आत्ता नको, तुम्हाला बरं वाटेल तेव्हा."

"आत," रेणुका म्हणाली.

सोहनीने ते टिपून घेतलं. मग हणमंतकडे बघून आवाज खाली आणला, तशी काही गरज नसताना.

"ह्यांना शांत झोप लागते ना आता? किती वेळ झोपतात?"

"सांजपातुर उठत न्हाईत," रेणुका म्हणाली, आणि डोळे मिटून अंगठा बाहेर काढायचा प्रयत्न करत राहिली.